मागच्या रांगेसाठी

“सतरा, अठरा...” आणि भिंगरी मागे झुकली. बाबांनी पट्टा खेचून तिला सावरलं.

“बाबा, तू ओढलंस!”

“तू पडत होतीस.”

“पडत नव्हते. डुलत होते.”

फिजिओथेरपिस्ट ताईंनी स्टॉपवॉच पुन्हा शून्यावर आणलं. सेरेब्रल पाल्सीमुळे भिंगरीचे घोटे ताठ होते. उभं राहायचं तर तिला सतत थोडं पुढे, थोडं मागे व्हावं लागे. पायाखालच्या यंत्रामुळे तिचा तोल समोरच्या पडद्यावर हिरवा ठिपका होऊन भटकत असे. कमरेचा पट्टा मागून सैल धरायचा आणि ती खरंच पडली तरच ओढायचा, एवढंच बाबांचं काम. पण बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे. हललं म्हणजे त्यांच्या लेखी तुटलंच.

आधाराशिवाय तीस सेकंद उभी राहते, असं ताईंनी लिहून दिलं, तर वर्गाच्या फोटोत शाळा तिला मागच्या रांगेत उभं करणार होती. तीन वर्षं ती पुढे खुर्चीत, मुख्याध्यापिकाबाईंच्या शेजारी बसत होती. तिथून कुणाच्याच डोक्यामागे बोटांची शिंगं काढता येत नाहीत. फोटो उद्या होता.

“शेवटची खेप,” ताई म्हणाल्या.

भिंगरीला जोरात शिंक आली. ती पोटाशी दुमडली. मग दुसरी, पहिलीपेक्षा मोठी.

“सर्दी झाली वाटतं. राहू दे आज,” बाबा आशेने म्हणाले.

“मोजा हो, ताई.” तिने स्वेटर खाली ओढला.

ताईंनी आधी तिच्या पोटाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. स्टूल वीतभर पुढे घेतलं. “एक...”

अठराला ठिपका मागे घसरला. बाबांनी डोळे मिटले, पट्टा मुठीत गच्च आवळला. ओढला मात्र नाही. ठिपका रेंगाळला आणि रमतगमत मध्यावर आला.

“एकोणतीस. तीस!”

ताईंनी पेन उघडलं. बाबांचा चेहरा पडला.

“ताई, खोटं नको. पट्टा मी घट्ट धरला होता. हे आधाराशिवाय कसं म्हणायचं?”

“बरं, सोडा आता.”

बाबांनी हात सोडला. पट्टा स्वेटरखालून घसरून थेट जमिनीवर पडला. बक्कल उघडं होतं.

“पहिल्या शिंकेलाच काढला होता,” भिंगरी म्हणाली. “तुला सांगितलं असतं, तर तू पडला असतास.”