आठ नंबर, वीस नंबर

मुलीने पाच कार्डं टेबलावर ओळीने मांडली. वीस, सोळा, बारा, दहा, आठ. मग हात मागे बांधून उभी राहिली.

"लहानापासून मोठ्यापर्यंत लाव म्हटलं होतं," बाई तिच्या बापाला म्हणाल्या. "बघा आता तुम्हीच."

बाई बालवर्गाला शिकवत होत्या आणि या एका मुलीने त्यांना आठ महिने पुरतं जेरीस आणलं होतं. दोन वाट्यांत मणी ओतले की कुठे जास्त ते ती झटकन सांगे. आकडे वाचता येत, वीसपर्यंत मोजणी बिनचूक. पण कार्डं हातात आली की गाडी उलटी. गोडीने सांगून झालं, ओरडून झालं, मधल्या सुट्टीत वर्गात बसवून झालं. मुद्दामच करते कार्टी, असं बाईंचं ठाम मत होतं. हिला पहिलीत पाठवू नये, असा शेरा त्यांनी लिहूनही टाकला होता. आज त्याखाली बापाची सही तेवढी घ्यायची होती.

बाप तारेच्या जाळ्या विणायचा, खिडक्यांच्या, कोंबड्यांच्या खुराड्यांच्या. पोरांच्या बुटक्या खुर्चीवर तो कसाबसा टेकला होता. कार्डं पाहून त्याचा चेहरा खुलला.

"बरोबर तर लावलंय, बाई. वीस नंबरची तार केसासारखी बारीक, आठची सगळ्यात जाड. आमच्याकडे नंबर वाढला की तार बारीक होते. घरी हीच मला तारा काढून देते. एकदाही चुकली नाही."

बाईंना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. त्यांना संताप आला. आधी बापाचा, मग मुलीचा, मग स्वतःचा, कारण असं का लावतेस हे त्यांनी आठ महिन्यांत तिला एकदाही विचारलं नव्हतं. हा शेवटचा राग त्यांनी गिळून टाकला.

"शाळेत हे चालत नाही," त्या म्हणाल्या. "आठ लहान, वीस मोठे. आत्ता नीट लावून दाखवलंस तर शेरा खोडते."

मुलगी बापाकडे वळली. "बाबा, मग तू मला चुकीचं शिकवलंस?"

बापाने बाईंकडे पाहिलं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, हे समजावायला पाच मिनिटं पुरली असती. पण बाहेर बाकावर आणखी सात पालक ताटकळत होते आणि बाईंचं डोकं सकाळपासून उठलं होतं. त्यांनी शेरा खोडायला पेनाचं टोपण काढलं.

"हो बाळा," बाप म्हणाला. "चुकलंच माझं."

मुलीने कार्डं गोळा केली आणि पुन्हा मांडली. आठ, दहा, बारा, सोळा, वीस. बाईंनी शेरा खोडला आणि पुढच्या पालकांना हाक मारली.

निघताना बापाने बोट पुढे केलं. मुलीने ते धरलं नाही. आठ महिने बाई तिच्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, त्याच नजरेने ती बापाकडे बघत होती.