नबी माघारी फिरला

बेनकाकांनी सब्जाची डहाळी हुंगली, मलिद्याच्या थाळीवर हात ठेवला आणि सांगून टाकलं, "हा या घरातला शेवटचा मलिदा."

थाळीत भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, कडेनं केळी आणि सफरचंदं. कुणाचं लग्न ठरलं, कुणी दुखण्यातून उठलं, की रास्ता पेठेतल्या बेनकाकांच्या, म्हणजे बिन्यामीन झिराडकरांच्या घरी एलियाहू नबीच्या नावानं मलिदा व्हायचा. बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांचा हा लाडका नबी. अडल्यानडल्याला धावून येतो, अशी त्यांची श्रद्धा. पूर्वी त्याचं गाणं म्हणायला आजूबाजूची इस्राएली घरं गोळा व्हायची. मग एकेक घर इस्राएलला गेलं. काकी वारल्या. गाणं येणारे बेनकाका तेवढे उरले. आता त्यांना न्यायला मुलगी शुलमिथ तिकडच्या अश्दोद शहरातून आली होती. परवा, गुरुवारचं विमान होतं.

जमले होते ते सगळे शेजारी. समोरच्या सत्यशीलाबाई, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या; त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती. मार्केट यार्डात कांद्याचा गाळा असलेले पोपटराव. आणि खराडीच्या ऑफिसातून तसाच धावत आलेला गंधार, गळ्यात अजून ओळखपत्र.

रिवाजाप्रमाणे काकांनी आधी नबीची गोष्ट सांगायला घेतली.

"राजा देवाला विसरला. राणी तर त्याच्याही पुढची. सगळा देश त्यांच्या मागं गेला. एकटा एलियाहू आडवा उभा राहिला. डोंगरावर त्यानं राजाच्या शेकडो पुजाऱ्यांना बोलावलं. म्हणाला, तुमच्या देवाकडून आग मागा. दिवसभर ते नाचले, ओरडले. काही नाही. मग यानं लाकडांवर घागरी ओतल्या, चिंब केली, आणि हात जोडले. वरून आग उतरली. लाकडं तर जळालीच, पाणीसुद्धा आटलं!"

हे सांगताना काकांचा हात नेहमीसारखा वर गेला. मग तो हळूच खाली आला.

"एवढा मोठा माणूस. पण राणीचा निरोप आला, तुला संपवते. तेवढ्यानं पळाला. रानात एका झुडपाखाली पडला. देवाला म्हणाला, पुरे झालं, ने आता मला. देवानं दूताच्या हाती भाकर पाठवली. ती खाऊन चालत चालत एका गुहेत जाऊन बसला. देवानं विचारलं, इथं काय करतोस? तर म्हणाला," काका जरा थांबले, "म्हणाला, सगळे गेले. मीच एकटा उरलोय."

तिथंच गोष्ट टाकून त्यांनी डोळे मिटले आणि गाणं सुरू केलं. अर्ध्या ओळीवर अडलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा अडलं. शुलमिथ त्यांना साथ द्यायला गेली, पण तिलाच रडू फुटलं.

"अहो झिराडकर," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "गोष्ट अर्धी सोडलीत."

"काय राहिलंय तिच्यात?"

"देवाचं उत्तर राहिलंय. एरवी रंगवून सांगता. एकटा कसला? माझी सात हजार माणसं आहेत या देशात, तुला दिसत नाहीत एवढंच. ऊठ, कामं पडलीत."

"आणि नबी माघारी फिरला," पोपटराव म्हणाले. "शेतात एक जण नांगरत होता, त्याच्या अंगावर आपली शाल टाकली. माझ्यामागं तू, म्हणाला. मला तर तेवढंच आवडतं त्या गोष्टीत."

काका काही बोलायच्या आत सत्यशीलाबाईंनी गाणं उचललं. हिब्रू गाणं. दुसऱ्या ओळीला पोपटराव मिळाले, यार्डातल्या लिलावाच्या आवाजात. गंधारनं मांडीवर ठेका धरला. तिघांनी मिळून सबंध गाणं म्हटलं, एकही ओळ न गाळता. शुलमिथ डोळे पुसत हसायला लागली.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" काकांनी विचारलं.

"तुम्हीच. इतकी वर्षं कान काय गहाण टाकले होते आम्ही?" सत्यशीलाबाई म्हणाल्या. "पण तोंडानं म्हणायची वेळ एकदाच आली. कोरोनात तुम्ही व्हेंटिलेटरवर होतात तेव्हा. डॉक्टर काही बोलेनात. विमानं बंद, हिला येता येईना. तुमच्या नबीला साकडं घालायला तुमचं माणूस इथं कुणी नव्हतं. म्हणून आम्हीच तुमच्या बंद दारासमोर थाळी मांडली. पोहे मी भिजवले, फळं पोपटरावांनी आणली."

"काका, मी तर मोबाइलवर ऐकून पाठ केलं," गंधार म्हणाला. "चुकलो असतो तर नबी जायचा दुसऱ्याच कुणाकडे."

"माझ्यासाठी मलिदा केलात? तुम्ही?"

"मग काय, पोपटरावांसाठी?"

काकांना ते पेढे आठवले. बरे होऊन आले त्या दिवशी याच तिघांना त्यांनी दारात पेढे दिले होते आणि म्हणाले होते, माझ्यासाठी कुणी मागायला नव्हतं, तरी वाचलो बघा. तिघांनी पेढे खाल्ले होते. चकार शब्द काढला नव्हता.

"मला वाटायचं, पप्पा इथं एकटे आहेत," शुलमिथ हळूच म्हणाली.

काकांना हसू आवरेना. गडगडून हसले, ठसका लागला, पाणी प्यायले, परत हसले. मग थाळी उचलून त्यांनी मलिद्याचा पहिला घास सत्यशीलाबाईंच्या हातावर ठेवला, दुसरा पोपटरावांच्या, तिसरा गंधारच्या. शुलमिथच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिच्याकडे बघतच तिघांना म्हणाले,

"उच्चार भयंकर आहेत तुमचे. रविवारी सकाळी सगळे शिकायला या."