ओलं टोक

भूजलावर संशोधन करणाऱ्या लेकीने आज बाबांच्याच विहिरीत मोजपट्टी सोडली. टोकाला पाणी लागलं की यंत्र वाजतं. पट्टी संपत आली, टोक तळाच्या दगडावर टेकलं, तरी यंत्राने हूं की चूं केलं नाही. तेच तर बिघडलं नाही ना, म्हणून तिने सवयीप्रमाणे टोक वर ओढून काठावरच्या पाण्याच्या पेल्यात बुडवलं. खणखणीत वाजलं. खिडकीशी खाटेवर पडलेले बाबा ताडकन उठून बसले. "वाजलं! मी कधीचा सांगतोय ना! विहीर जिवंत आहे आणि म्हणे घर सोडा!" ती पट्टी आणि पेला घेऊन आत आली, तर बाबांनी पट्टीचं टोक ओढून घेतलं, चाचपलं. ओलं होतं. त्यांनी ते गालाला लावून धरलं. सामान बांधणाऱ्या आईने लेकीच्या हातातला पेला पाहिला, आणि मुकाट्याने भांड्यांच्या खोक्याची दोरी सोडायला घेतली.