पाहुण्यांचं पाणी

शेषरावनं सोनाळ्याहून आणलेला पाण्याचा जार स्वयंपाकघरात दारामागं लपवला आणि पोरीला म्हणाला, "मंजू, आज तोंड उघडू नोको. पोरीवाले घर पाहायले येऊन राह्यले."

मंजुश्रीनं मान हलवली. तिला नवीन नव्हतं. तिला स्वतःला पाहायला आलेले सगळे ती हसली की उठले होते.

सुलतानपूरची माणसं आली. बैठकीत जय भीम, जय भीम झालं. नवरदेव, मंजुश्रीचा भाऊ प्रसेनजित, सगळ्यांशी हसून बोलला. दात पांढरेफेक. लहानपणी त्याला देऊळघाटला मामाकडं ठेवलं होतं, तिथलं पाणी चांगलं म्हणून. मामाची ऐपत एकाच लेकराची, मग पोरगा गेला. बहीण इथंच हापशाचं पाणी पीत मोठी झाली. तिचे दात तपकिरी, चट्ट्याचट्ट्यांचे. शिबिरातल्या डॉक्टरनं ब्रश वाटले, दोन टाइम घासा म्हणाला. तिनं हिरड्यांतून रक्त येईस्तोर घासले. पाण्याचा डाग घासून जातो का कुठं?

तोंडावर ओढणी धरून तिनं पाणी फिरवलं. पोरीच्या बापानं गिलास रिकामा केला.

"पाणी गोड हाये हो तुमच्या गावचं!"

"हाव, पह्यलेपासूनच," शेषराव म्हणाला.

ती आत आली, तर मागोमाग पोरीची माय आली. सिंधूताई. बाई आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. पदर तोंडावरच.

"मले माठातलं दे, बाई."

"हे चांगलं हाये ना, मावशी."

"जार दिसला मले दारामागं. माठातलं दे."

मंजुश्रीनं दिलं. सिंधूताईनं एक घोट तोंडात धरला, मग गिळला. पदर खाली घेतला. तेच दात. तसेच चट्टे.

"दोन गावं सोडून माहेर हाये माह्यं. हे पाणी मी इसरीन का?"

मंजुश्री बघतच राहिली. "मंग जाऊन सांगा ना बैठकीत."

"मी सांगू? म्हणतीन, आधी सोताचं तोंड पाह्य." बाईनं गिलास खाली ठेवला. "तू सांग."

"मी सांगू? भावाचं मोडू?"

"माह्या अनुपमाचं नाही म्हणत मी. तिचे दात झाले आता पक्के. तिच्या लेकराइचं म्हणतो."

"गावात फिल्टर बसवलाय ना, मावशी."

"चालू हाये?"

उद्घाटनाचा हार अजून त्या मशीनवरच वाळत होता.

"पोरगा झाला तं ठेवतीन त्याच्या मामाकडं," ती हळूच म्हणाली. "तुमच्याकडं."

"अन पोरगी झाली तं?"

मंजुश्री उठली. दारापर्यंत गेली. बैठकीत प्रसेनजित कशावर तरी खदखदून हसत होता. शेषरावनं मान वळवून एकदा तिच्याकडं पाहिलं. फक्त पाहिलं. ओढणी आपोआप वर गेली. ती तशीच मागं फिरली.

सिंधूताईनं माठावरचं झाकण उगीच सरळ केलं.

"चला, जमलं!" बाहेरून आवाज आला. "अन पाणी पाठवा अजून!"

मंजुश्रीनं जार तिरपा करून तांब्या भरला. शेषराव खुशीत आत आला. साखरेची वाटी दोघींपुढं ठेवली, तांब्या उचलला आणि गेला.

"घ्या मावशी, तोंड गोड करा," मंजुश्री म्हणाली.

सिंधूताईनं पदर ओढला. मंजुश्रीनं ओढणी ओढली. दोघींनी एकेक चिमूट आडूनच तोंडात टाकली.