गाडीखाली

बाबा गेल्यावर हायब्रिड गाडीचं ऑइल बदलायची ही पहिलीच वेळ. बाबा घरीच बदलायचे, म्हणून लेकही पाना घेऊन गाडीखाली शिरली. पण ऑइलचा बोल्ट काही केल्या हलेना.

“उलटा पिळतेयस. हो बाजूला,” म्हणत आई आडवी झाली आणि एका हिसक्यात तिने बोल्ट सोडवला. लेकीने आ वासला. आईने साधा बल्ब बदललेलाही तिने कधी पाहिला नव्हता.

“आई, तू? मग बाबा काय करायचे?”

“गुडघे गेल्यापासून? पहारा! ही मेली चालू असली तरी आवाज करत नाही, आणि चावी जवळपास असली की नुसतं बटण दाबून सुरू होते. म्हणून चावी मुठीत घेऊन पार फाटकापाशी उभे राहायचे. मी बाहेर येईपर्यंत जागचे हलायचे नाहीत.”

“चावी माझ्या खिशात आहे,” लेक पुटपुटली.

आईचा हात थांबला.

“जा, त्यांच्या जागी उभी राहा.”