चुकलेल्या सहा तारा

"वहिनी, सहा तारा चुकीच्या जागी लागल्यात," मीटर खाली ठेवत यजमानांचे जुने सहकारी बोरकर म्हणाले.

पॉलिटेक्निकच्या जुन्या ऑसिलोस्कोपचं, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचं, आतलं मॉड्यूल बाहेर काढून, चालू ठेवून तपासता यावं, म्हणून हेमलताबाईंचे यजमान अच्युतराव ही लांब केबल बनवत होते. बत्तीसपैकी वीस तारा जोडल्या आणि ते अंथरुणाला खिळले. मेंदूत गाठ निघाली. महिन्याभरात गेले. उरलेल्या बारा तारा बाईंनी सोल्डरिंग शिकून, त्यांच्या वहीत बघून जोडल्या.

बाईंनी केबल हातात घेतली. चुकलेल्या सहाही तारा अच्युतरावांनी जोडलेल्या होत्या. लाल आणि तपकिरी तारांत त्यांची गफलत झाली होती. म्हणजे गाठीमुळे तेव्हाच त्यांना नीट दिसत नव्हतं, आणि ते एका शब्दाने बोलले नव्हते. त्याच दिवसांत त्यांच्या हातून चहा सांडला, तेव्हा आपण त्यांच्यावर केवढं ओरडलो होतो, ते आठवून बाईंना गलबलून आलं.

"अच्युतची चूक मी चाळीस वर्षांत पाहिली नाही. या कुणी जोडल्या?" बोरकरांनी विचारलं.

"मीच, भावोजी," बाई कशाबशा म्हणाल्या. "त्यांच्या सगळ्या बरोबर आहेत."