चौघांचं घर

"नळ सांभाळून फिरवा काका, उलटा आहे," ती म्हणाली. "आम्ही पहिल्या दिवशी अख्खं स्वयंपाकघर भिजवलं होतं."

रंगारी मान हलवत तिच्यामागून आत आला. बाहेरच्या खोलीत पालिकेचा कारकून खिडक्यांची तावदानं तपासत होता. तिचा नवरा आणि दोन मुली जिन्यावरून सामान खाली नेत होते. खाली टेम्पो उभा होता.

यादीत रंगाऱ्याचा नंबर आधी होता. कुणाच्या तरी शब्दावर घर या कुटुंबाला गेलं. त्याने तक्रार केली. मग तक्रारीची चौकशी का होत नाही, याची तक्रार केली. अखेर निकाल लागला, वाटप चुकीचं ठरलं, आणि तिला घर सोडण्याची नोटीस गेली.

"तुमची फाईल एवढी जाड झाली होती काका," कारकून बाहेरूनच म्हणाला, "की कपाट लागेना. साहेब म्हणाले, याला घर तरी द्या, नाहीतर मला दुसरं कपाट द्या."

कुणी हसलं नाही. कारकुनाला त्याची सवय असावी.

ती भांडेल, असं रंगाऱ्याला वाटलं होतं. वाटेत त्याने उत्तरं जुळवून ठेवली होती. ती वायाच गेली.

"नंबर तुमचा होता, हे आम्हाला नोटीस आल्यावर कळलं," ती म्हणाली. "आधी कळलं असतं तर घर घेतलं नसतं, असं मात्र म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू?" तिने ओट्यावरून शेवटचा हात फिरवला. "किती जण तुम्ही?"

"चौघं."

"मग ठीक आहे. आम्हीपण चौघंच. आतली खोली मुलांना द्या. ऊन तिथेच येतं."

"चौघं आहेत म्हणूनच मिळालं," कारकून म्हणाला. "एकट्यांची रांग वेगळी, एका खोलीची. ती काही हलत नाही. मागे एकाला चावी देऊन परत घेतली. अर्ज चौघांचा आणि राहायला आला एकटा. पाठवला रांगेच्या शेपटाला."

रंगाऱ्याने भिंतीकडे पाहिलं. रंगाचा पोपडा सुटला होता. त्याने तो नखाने काढला.

"पाणी आता जाईल, ते थेट संध्याकाळी येईल," ती म्हणाली. "भरून ठेवा. मंडळी आल्यावर खोळंबा नको. काढा भांडी, मी भरते."

दाराशी त्याची गुंडाळलेली गादी होती, ब्रशांची पेटी होती आणि एक बॅग. त्याने बॅग आत आणली. झाकणाचं एक पातेलं काढून तिच्या हातात दिलं. पातेल्यातच पेला होता.

ते लगेच भरलं. तिने पुढच्या भांड्यासाठी हात मागे केला. हात तसाच राहिला.

"दुसरं?"

"होईल एवढ्यात."

तिने वळून बॅगेकडे पाहिलं. एक ताट, दाढीचं सामान, घडी केलेले दोन शर्ट. तिने नळ बंद केला.

"मंडळी कुठे आहेत काका?" तिने आवाज खाली आणून विचारलं.

"अर्ज केला तेव्हा चौघं होतो. मुलगा लांब असतो. मुलगी तिच्या घरी. बायको गेली. पहिली तक्रार तिनेच लिहायला लावली. पुढच्या मी लिहीत राहिलो."

बाहेर कारकून ठोकून ठोकून खिडकीची कडी सरळ करत होता. तिने एक हाक मारली असती तर पुरे होतं.

"सांगायचं असेल तर सांगा," रंगारी म्हणाला. "मी नाही म्हणणार नाही."

"सांगून घर मला थोडंच मिळणार?"

"आज नाही. पण तक्रार करता येते. पहिला अर्ज कसा लिहायचा, तो कुणाकडे द्यायचा, मी सांगतो तुम्हाला. पोच मात्र घ्यायची, नाहीतर अर्ज आलाच नाही म्हणतात."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो मनापासून सांगत होता.

"धाकटी आत्ता दुसरीत आहे माझी," ती म्हणाली. "निकाल लागेपर्यंत मीसुद्धा अशीच एक पातेलं घेऊन यायची."

कारकून दारात आला. "तावदानं ठीक आहेत. काका, बाकीची मंडळी? सगळ्यांना बघून सही घ्यायची असते."

रंगाऱ्याने तोंड उघडलं.

"येताहेत मागून," ती पदराला हात पुसत म्हणाली. "मघाशी खालीच भेटली मला. हातात सामान आहे, चढायला वेळ लागतोय."

कारकुनाने जिन्याकडे कान दिला. जिन्यावर पावलं वाजत होती. तिच्या मुली होत्या. त्याने घड्याळ पाहिलं. जेवणाची वेळ झाली होती. त्याने सही घेतली आणि दोन चाव्या ओट्यावर ठेवल्या.

"एक तुम्हाला, एक मंडळींना."

तो गेला. पाठोपाठ तीही शेगडी उचलून निघाली. रंगारी म्हणाला, "मी धरू का?" ती म्हणाली, "नको, आहेत आमचे लोक."

टेम्पो निघाल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने शेजारीण आपल्या दारातून डोकावली. नवीन माणूस, एक गादी, एक पेटी, तिने सगळं बघून घेतलं.

"अजून यायचंय का कुणी?"

"हो," रंगारी म्हणाला, आणि दार तसंच उघडं ठेवून गादीवर बसला.